टेलरमास्तरांचा होकार

एक

हरवलेलं रेकॉर्डिंग सापडलं, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

त्याआधी घोळ नव्हता, नुसती घबराट होती. चौथ्या मजल्यावरच्या त्या ब्रोकिंग फर्ममध्ये दोन आठवडे सगळे एकच फोनकॉल शोधत होते: टेलरमास्तरांचा. डोळे अधू झाले म्हणून मास्तरांनी मार्चमध्ये शिलाईचं दुकान विकलं आणि आलेली रक्कम, म्हातारपणाची सोय म्हणून, फर्मच्या हवाली केली. एप्रिलमध्ये फर्मने ती सगळीच्या सगळी एका बांधकाम कंपनीच्या रोख्यांत घातली. कंपनी बसली. मास्तरांनी नियामकाकडे तक्रार केली, ती एकाच ओळीची: मला कोणी विचारलंच नाही.

नियम सरळ होता. गिऱ्हाइकाने फोनवर दिलेली संमती रेकॉर्ड झालेली असलीच पाहिजे. ती असेल तर नुकसान मास्तरांचं, नसेल तर फर्मने पदरचे भरायचे. उत्तर आज पाचच्या आत जायचं होतं आणि त्याखाली कम्प्लायन्स ऑफिसरची सही लागायची.

कम्प्लायन्स म्हणजे फर्म नियमाने चालते की नाही हे बघणारं खातं. इथे ते खातं म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक बाई. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत, पाठीमागे ब्रेकबाई. फर्म तिच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून काढलेली. नवरा गेला, दीर मालकाच्या खुर्चीत बसला आणि ती नियमांच्या. ही खुर्ची देताना दिराला वाटलं होतं, वहिनी सह्या करतील आणि दुपारी घरी जाऊन झोपतील. वहिनींनी पहिल्याच महिन्यात त्याचाच एक सौदा अडवला.

ब्रेकबाईच्या डोक्यात प्रत्येक माणसाचं एक खातं असे. खरं बोललं की जमा, खोटं बोललं की नावे. दिराचं खातं कित्येक वर्षं ओव्हरड्राफ्टवर चाललं होतं.

तर त्या सकाळी कॉम्प्युटर सांभाळणारा, ज्याला सगळे वायर म्हणत, तो धापा टाकत तिच्या खोलीत आला. जुन्या डिस्कवर कॉल सापडला होता. त्याने तो लावला.

"नमस्कार. हे संभाषण नोंदवलं जात आहे," फर्मच्या सल्लागाराचा आवाज आला.

"हो, बोला." हे मास्तर. मागे कसलीशी घरघर.

"या गुंतवणुकीत जोखीम आहे. मुद्दल कमी होऊ शकतं. मुदतीआधी पैसे काढता येणार नाहीत."

"बरं."

"नाही, बँकेत ठेवल्यासारखं नाही हे. परताव्याची हमी कोणीच देऊ शकत नाही."

"हो, चालेल."

"मग तुमच्या संमतीने पुढे जाऊ का?"

"करा. करून टाका."

दाराशी गर्दी जमली होती. कोणीतरी टाळी वाजवली. दीर गर्दीतून वाट काढत आत आला, खिशातलं पेन काढून त्याने टेबलावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वहिनींचं कौतुक केलं. म्हणाला, हा तुमच्या शिकवणीचा विजय आहे. गिऱ्हाइकाचं सोंग तर काय झकास वठवता तुम्ही, आडवेतिडवे प्रश्न विचारून पोरांना घाम फोडता, म्हणून पोरं आज असं बोलतात.

ब्रेकबाईने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"मास्तरांना बोलवून घ्या," ती म्हणाली. "त्यांनी ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही."

दोन

मास्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात घरून सासूबाईंचा फोन आला. म्हणजे दिराने कळ दाबली होती, आणि ती बरोबर जागी वाजत होती.

सासूबाईंनी आधी तब्येत विचारली, मग मुद्द्यावर आल्या. धाकट्याला अन्न गोड लागत नाहीये, एका सहीने सुटत असेल तर सुटू दे बिचाऱ्याला. मग त्यांना एक शंका आली.

"तीन दिवस तो कानाला ते डबडं लावून कॉम्प्युटरपुढे बसलाय. जेवायला हाक मारली तर म्हणतो, फिल्म करतोय. या महिन्यात कोणाचा वाढदिवस आहे गं?"

ब्रेकबाईने मनातल्या मनात सगळं घर मोजलं. कोणाचाच नव्हता. दीर या बाबतीत हौशी खरा. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाची फिल्म स्वतः काढायचा, स्वतः कापून जोडून, मागे गाणं घालून सगळ्यांना बळंच बसवून दाखवायचा. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ब्रेकबाई मनापासून, चांगलं लांबलचक बोलली होती. फिल्ममध्ये तिने तोंड उघडलं आणि लगेच केक कापला गेला.

बघते म्हणून तिने फोन ठेवला, तोवर मास्तर दारात उभे होते.

माणूस सुकलेला, पण सदरा असा बेतलेला की दुकानाच्या काचेत लावावा. खुर्चीच्या अगदी कडेला ते बसले. तिने रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या "हो, बोला"लाच त्यांचा चेहरा उतरला. शेवटी बराच वेळ ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"आवाज माझाच आहे, बाई."

"नक्की?"

"माझा नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण हे बोलणं झालं नाही हो. घरी बायको म्हणतेय, तुम्हीच हो म्हणाला असाल आणि विसरला असाल. तिला मी ओरडलो. आता तिला काय तोंड दाखवू?" ते थांबले. "मला भ्रम व्हायला लागला असेल, तर तेवढं सांगा. पैशाचं मग बघू."

हे ऐकून ब्रेकबाईला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, पण तिने मास्तरांच्या खात्यावर मोठी रक्कम जमा केली. खोटं बोलणाऱ्याने आवाज नाकारला असता. या माणसाने स्वतःवरच संशय घेतला.

तिने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि या वेळी फक्त मास्तर बोलतात तेवढेच तुकडे ऐकवले. मागची घरघर कसली, असं विचारलं.

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या बोटांनी आपोआप मांडीवर ठेका धरला होता.

"ही तर माझी मशीन. दुकानातली मोठी. सकाळी थंड असली की अशीच कुरकुरायची."

"आणि दुकान?"

"मार्चमध्ये गेलं. मशीनसकट."

"घरी एखादी?"

"घरी सुई-दोरा आहे. तोसुद्धा आता बायकोच ओवून देते."

रेकॉर्डिंगवर तारीख एप्रिलची होती. ब्रेकबाईने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

तीन

रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज होता भाच्याचा. हा सल्लागार कोणाचाच भाचा नव्हता. पण पहिल्या भेटीतच गिऱ्हाइकाशी नातं जोडायचा, पुरुष दिसला की मामा, बाई दिसली की मावशी. म्हणून सगळं ऑफिस त्याला भाचा म्हणत असे. निम्मा धंदा तो या नात्यावरच आणायचा. ब्रेकबाईला त्याचा हा मामेपणा आवडत नसे. पैसे मागायला आलेल्या माणसाने नातं सांगू नये, असं तिचं मत होतं आणि तिने ते त्याला बजावलंही होतं.

भाचा आत आला तोच घामाघूम. मास्तरांना बघून तोंडातून "काय मामा" निघालं, मग ब्रेकबाईकडे बघून उरलेलं गिळलं.

तिने सरळ विचारलं, हा कॉल तू केलास का.

भाच्याने बरीच वळणं घेतली. आवाज तर माझाच आहे, मॅडम. म्हणजे केलाच असणार. दिवसाला इतके फोन होतात, कुठला लक्षात राहणार. नाही असं कसं म्हणू, आणि हो तरी कसं म्हणू.

गंमत बघा. एकाच दुपारी दोन माणसं तिच्यासमोर बसून सांगत होती की आवाज माझा आहे, पण बोलल्याचं मला आठवत नाही. एक त्यामुळे खचला होता, दुसरा त्यामुळे सुटल्यासारखा दिसत होता.

"मास्तर," तिने विचारलं, "हा तुम्हाला फोन करतो तेव्हा सुरुवात कशी करतो?"

"'काय मामा, काय शिवताय.' कायम. दुकान विकल्यावरसुद्धा."

"नमस्कार?"

"नमस्कार कधीच नाही."

तिने भाच्याकडे वळून विचारलं, की अख्ख्या फोनमध्ये एकदाही मामा न म्हणता, नमस्कार करून, जोखमीची सगळी वाक्यं ओळीने म्हणून तू आजवर कोणाला काय विकलंयस. उत्तराची वाट न बघता तिने रोख्यांचं नाव विचारलं. ते त्याने झटकन सांगितलं. मग तिने विचारलं, ते नाव रेकॉर्डिंगमध्ये कुठे आहे.

कुठेच नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये नुसतीच "ही गुंतवणूक" होती.

मग भाचा हळू आवाजात बोलू लागला. फोन झालाच नव्हता. महिनाअखेरीला वरून धोशा होता, हे रोखे खपवा. मामा आपलेच आहेत, नंतर सांगू, असं धाकटे साहेबही म्हणाले. त्याने ऑर्डर टाकली आणि सांगायचं राहून गेलं. तक्रार आल्यावर साहेब म्हणाले, घाबरू नकोस, रेकॉर्डिंग सापडेल. आज सापडलं, तेव्हा त्याला वाटलं, देव पावला.

"देव नाही पावला," ब्रेकबाई म्हणाली. "कोणीतरी मेहनत घेतली."

मास्तर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी भाच्याला शिवी दिली नाही. फक्त म्हणाले, तुझ्या लग्नातला कोट मी शिवला होता रे. भाच्याला ते शिवीपेक्षा जड गेलं.

पण कोट शिवणाऱ्याचा आवाज कापून जोडणारा हा नव्हे, हे ब्रेकबाईला कळलं होतं. भाच्याला खोटं रेकॉर्डिंग करायचं असतं, तर तो स्वतःच माइकपुढे बसला असता. मामा म्हणाला असता, रोख्यांचं नाव घेतलं असतं. ज्याने केलं त्याला भाच्याला बोलायला बसवता येत नव्हतं. पोरगा कच्चा, उद्या कुठेतरी ओकला असता. म्हणून त्याची तयार वाक्यं कुठूनतरी उचलावी लागली.

कुठून, तेवढंच राहिलं होतं.

चार

वायरचा जबाब छोटा झाला. जुनी डिस्क त्याने मागच्याच आठवड्यात चाळली होती, तेव्हा तिथे काही नव्हतं. आज सकाळी साहेब म्हणाले, पुन्हा एकदा बघ. बघितलं तर पहिल्याच फोल्डरमध्ये. वायरला ते विचित्र वाटलं होतं, पण साहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्याने ते विचित्र वाटणं पोटात ठेवलं. वायरने ते स्वतः तिथे ठेवलं असतं, तर आधी चाळल्याचं त्याने तिला कशाला सांगितलं असतं?

मास्तरांचे शब्द कुठून उचलले ते शोधणं अवघड गेलं नाही. मास्तरांचं एक छोटं खातं दुकान विकण्याआधीपासून फर्ममध्ये होतं. जानेवारीत फर्मने सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं होतं, हिशेबाचे कागद टपालाऐवजी मोबाइलवर पाठवले तर चालतील का. वायरने मास्तरांचा तो कॉल काढला. मशीनची घरघर, "हो, बोला", "बरं", "हो, चालेल", आणि शेवटी "करा. करून टाका." टपाल बंद करायला दिलेला होकार.

राहिली भाच्याची वाक्यं. ब्रेकबाईने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. सकाळपासून तिला एक वाक्य खुपत होतं, कॉलरच्या आत राहिलेल्या टाचणीसारखं.

"नाही, बँकेत ठेवल्यासारखं नाही हे."

नाही? मास्तर त्याआधी नुसतं "बरं" म्हणाले होते. बरं म्हणणाऱ्याला कोणी नाही म्हणतं का? हे उत्तर होतं. याच्या आधी कोणीतरी प्रश्न विचारला होता आणि तो प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये नव्हता.

प्रश्न तिला तोंडपाठ होता. वर्षातून एकदा ती सल्लागारांची परीक्षा घ्यायची. स्वतः मागच्या खोलीत, दार बंद करून, आतल्या फोनवर गिऱ्हाईक होऊन बसायची. पलीकडे एकेक सल्लागार, आणि सगळं बोलणं रेकॉर्ड होई. खऱ्या योजनेचं नाव घ्यायचं नाही, नातं जोडायचं नाही, सगळे इशारे द्यायचे. आणि मध्येच ती भोळा आवाज काढून सापळा टाकायची: पण हे बँकेत ठेवल्यासारखंच ना?

म्हणजे चोराला भाच्याच्या तोंडून पूर्ण इशारा हवा होता आणि तो खऱ्या एकाही कॉलमध्ये मिळाला नाही. अख्ख्या फर्ममध्ये नियमाने झालेलं बोलणं एकाच ठिकाणी सापडलं, ते तिच्या परीक्षेत. त्याने तेच उचललं आणि त्यातून ब्रेकबाईला तेवढं कापून टाकलं.

ती जागीच थांबली. तिला केक आठवला.

पाच

चार वाजून गेले होते. दिराच्या केबिनमध्ये ब्रेकबाई न विचारता आत गेली, मागोमाग मास्तर. दिराने पेन पुन्हा पुढे केलं.

"भाऊजी, माझ्या परीक्षेला तुम्ही कधी बसलात?"

कामं असतात, वहिनी, असं काहीसं तो पुटपुटला.

"मग मी सोंग झकास वठवते आणि आडवे प्रश्न विचारते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? दार बंद असतं. आत मी एकटी असते. पलीकडच्या पोराला तर माझा आवाजच तेवढा ऐकू येतो, आणि त्यांच्यातला कोणी तुमच्यापाशी माझं कौतुक करायला येईल असं वाटत नाही."

दीर हसला. ऐकलं असेल कुठेतरी, म्हणाला.

"ऐकलंत. कानाला डबडं लावून, तीन दिवस. घरी आई विचारतायत, या महिन्यात कोणाचा वाढदिवस आहे."

मग तिने एकेक करून सगळं त्याच्यापुढे ठेवलं. मार्चमध्ये विकलेली मशीन एप्रिलमध्ये कशी कुरकुरते. सगळ्या जगाला मामा म्हणणारा पोरगा याच एका मामाला नमस्कार का करतो. आणि जो प्रश्न मास्तरांनी विचारलाच नाही, त्याचं उत्तर तो कोणाला देतोय.

"मला देतोय, भाऊजी. तुम्ही प्रश्न कापला, उत्तर कापायचं राहिलं. माझं बोलणं काढून टाकायची सवय तुम्हाला जुनीच आहे, पण एरवी मागे गाणं घालता, म्हणून कळत नाही."

दिराने मग हसणं सोडून दिलं. तो उठून दाराशी गेला, बाहेर कोणी नाही बघितलं आणि आवाज खाली आणला. पैसे भरायचे म्हणजे वर्षभराची कमाई जाईल. लायसन्स जाऊ शकतं. दारावर दादाचं नाव आहे, तुमच्या नवऱ्याचं, ते चिखलात घालणार आहात का? निम्मी फर्म तुमचीही आहे, वहिनी. एका टेलरसाठी?

मास्तर उभे होते ते उभेच राहिले. पण त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढून सारखी केली.

"दारावर त्यांचं नाव आहे म्हणूनच," ब्रेकबाई म्हणाली. "तुमचं असतं तर कदाचित मी इतकी चिडले नसते."

"मी तुम्हाला आत्ता या खुर्चीवरून काढू शकतो."

"काढा की. पण कम्प्लायन्स ऑफिसरला काढलं, तर का काढलं ते नियामकाला कळवावं लागतं. ते पत्र कोण लिहिणार, तुम्ही की मी? मी लिहिलं तर लांबेल. मला थोडक्यात बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

दीर खुर्चीत बसला. मग एकदम थकलेल्या माणसासारखा म्हणाला, आईला काय सांगू?

"सांगा, फिल्म जमली नाही."

उत्तर तिने त्याच्याच टेबलावर बसून पाठवलं. संमती घेतलेली नाही. सादर करायला आणलेलं रेकॉर्डिंग बनावट आहे. सोबत तिन्ही रेकॉर्डिंगं जोडली: टपालाचं, परीक्षेचं आणि त्या दोघांना कापून शिवलेलं. खाली सही. पेन स्वतःचं.

पाच वाजायला अजून अवकाश होता. मास्तर निघाले, तिने त्यांना घरी पोचल्यावर फोनपाशी बसायला सांगितलं. दीर काचेतून बाहेर बघत होता. फर्म वाचेल की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. दिराशी एका घरात राहायचं होतं, एका टेबलावर जेवायचं होतं. त्याचा हिशेब नंतर, घरी गेल्यावर.

मास्तर घरी पोचले असतील असं वाटल्यावर तिने डीलिंग रूममध्ये जाऊन तिथला फोन उचलला, जो रेकॉर्ड होतो तो. सगळे सल्लागार माना वर करून बघत होते. दीरही दाराशी येऊन उभा राहिला.

"नमस्कार, मास्तर. हे संभाषण नोंदवलं जात आहे."

"हो, बोला." या वेळी मागे घरघर नव्हती. कोणीतरी बाई हळूच म्हणत होती, जोरात बोला हो, मलाही ऐकू द्या.

तिने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. तक्रार खरी आहे असं फर्मने लिहून दिलंय. पैसे कधी मिळतील ते नियामक ठरवेल, त्याची हमी ती देऊ शकत नाही. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते राहू द्या, बाई. बायको इथेच आहे. तेवढं एक तिला सांगा.

मास्तरांनी फोन बायकोकडे दिला असावा, कारण आता पलीकडे वेगळाच श्वास ऐकू येत होता.

"तुमचे मिस्टर हो म्हणाले नव्हते," ब्रेकबाई म्हणाली, सावकाश, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी. "त्यांना कोणी विचारलंच नव्हतं."

तिने फोन ठेवला आणि दाराकडे वळली.

"यातलं माझं बोलणं राहू द्या, भाऊजी. या फोनची प्रतही नियामकाकडे जाणार आहे."